पेरूच्या फांदीला तीन खाचा

एकदा एक वृद्ध माळी होते. गावाबाहेरच्या त्यांच्या बागेत कलमे करायला शिकण्यासाठी दुरून माणसे येत. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या शिष्यांत पस्तिशीची एक स्त्री होती. बुद्धीने तल्लख, हाताने उतावळी. लग्नाला अकरा वर्षे झालेली, नऊ वर्षांची एक मुलगी.

एका गुरुवारी ती आली आणि चपला न काढताच म्हणाली, “आबा, पुढच्या आठवड्यापासून माझं येणं जमेल की नाही, सांगता येत नाही. मी घटस्फोट घेतेय. उद्या हे कामावर गेले की मुलीला घेऊन निघणार. टेबलावर चिठ्ठी ठेवायची आणि एकदाचं मोकळं व्हायचं.”

आबांच्या हातातले खुरपे थांबले. “तो हात उचलतो का तुझ्यावर?”

“नाही हो. हात नाही, आवाजसुद्धा नाही. तीन वर्षं आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहतोय. समजावणारे येऊन गेले, वकिलाला भेटून झालं. आता त्यात काही उरलं नाही.”

“मारत असता, तर आत्ताच्या आत्ता तुला आणि पोरीला मीच बाहेर काढलं असतं. पेटलेल्या झाडावरची फांदी कोणी बेतानं कापत नाही. पण तसं नाही म्हणतेस. मग बस. आधी हे काम उरकू.”

समोर पेरूचे झाड होते. दोन महिन्यांपूर्वी तिनेच त्याची जमिनीलगतची फांदी वाकवली होती, मधल्या भागाची साल काढून तो मातीत पुरला होता आणि वर दगड ठेवला होता. याला दाबकलम म्हणतात. पुरलेल्या भागाला स्वतःची मुळे फुटतात, मग फांदी मूळ झाडापासून वेगळी करतात. आबांनी दगड बाजूला केला, बोटांनी माती सारली. दोऱ्यासारखी पांढरी मुळे दिसली.

“आली की!” तिने चाकू उचलला.

“मागच्या वर्षीचं आठवतंय ना?”

“त्याचं नाव काढू नका, आबा.” मागच्या वर्षी मुळे दिसताच तिने एका घावात फांदी तोडून कुंडीत लावली होती. चौथ्या दिवशी पाने करपली. आबा तेव्हा काही बोलले नव्हते.

आज त्यांनी चाकू तिच्या हातून काढून घेतला. झाड आणि मुळे यांच्यामध्ये फांदीला खाच पाडली, जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी. चाकू पुसून ठेवला, माती पुन्हा ओढली, पाणी घातले. मग त्या फांदीची जवळजवळ अर्धी हिरवीगार पाने खुडून टाकली.

“हे काय?” ती म्हणाली. “तोडायची तर तोडा, ठेवायची तर ठेवा. आणि त्या पानांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

“तोडायचीच आहे. त्यात बदल नाही,” आबा म्हणाले. “पण आजवर हिला पाणी मोठ्या झाडाकडून आलं. इतकं सहज, की हिला ते कळलंही नाही. मुळं दिसली म्हणजे ती जगेल, असं आपल्याला वाटतं. पण त्या मुळांना अजून ओझं ओढायची सवय नाही. आज जेवढी तोडली, तेवढी तहान ही स्वतः भागवायला शिकेल. आठ दिवसांनी आणखी थोडी. मग शेवटचा घाव. आणि एवढ्याशा मुळांवर एवढी पानं पोसली जात नाहीत. काही आपणहून सोडावी लागतात, चांगली असली तरी.”

आबांनी विचारले, “उद्या कुठं राहणार?”

“मैत्रिणीकडे.”

“आणि पंधरा दिवसांनी?”

ती खुडलेली पाने गोळा करू लागली.

“पोरीच्या शाळेचे कागद, तुझे दाखले कुठं आहेत?”

“यांच्या कपाटात.”

“पोरीला काय सांगणार?”

“मावशीकडे चाललोय म्हणून...” बोलता बोलता तिचे तिलाच ते कसेसे वाटले. मग ती घाईने म्हणाली, “मला आता काही वाटतच नाही, आबा. मी कोरडी झालेय.”

“मग चिठ्ठी कशाला? समोर बसून सांग.”

ती बांधावर बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली. आबांनी समजूत घातली नाही. ते पुढच्या वाफ्याला पाणी सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी ती निघाली नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिने मुलीच्या शाळेजवळ दोन खोल्या पाहिल्या, अर्ध्या दिवसाची नोकरी पूर्ण वेळेची करून घेतली, कागदांच्या प्रती काढल्या. आईला फोन करून सांगितले. तिची बोलणी उलट उत्तर न देता शेवटपर्यंत ऐकली. ज्यांच्यासाठी भांडायचे ठरवले होते, त्यांतल्या कितीतरी गोष्टी तिने मनातून खोडल्या: काचेचा सेट, भिंतीवरचे घड्याळ, आणि नणंदेने एकदा तरी ‘चूक आमचीच’ असे म्हणावे ही इच्छा. ती खोडायला सर्वांत जास्त दिवस लागले.

एका संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवून सांगितले. “मला कळत होतं,” तो म्हणाला, “विचारायचा धीर होत नव्हता.” मग हलक्या आवाजात, “पोरीला कोण सांगणार?”

“दोघं मिळून.”

दुसरी खाच मध्यंतरी पाडून झाली होती; त्या आठवड्यातल्या गुरुवारी बागेत शेवटचा घाव तिनेच घातला. पुढच्या दिवसांत फांदीच्या एकाही पानाने मान टाकली नाही.

रविवारी ते दोघे मुलीला मध्ये घेऊन बसले. मुलगी रडली, उशीत तोंड खुपसून बराच वेळ पडून राहिली. मग उठून नाक पुसत म्हणाली, “पण माझी सायकल कुठल्या घरी राहणार?”

भाडे, शाळा, गॅस, सगळ्याचा विचार तिने केला होता. सायकलीचा केला नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिले.

“नव्या घराला जिना आहे,” ती म्हणाली.

“अरुंद आहे का?” त्याने विचारले. “वळणावर अडकेल मग.”

“मी पुढून धरीन,” मुलगी म्हणाली, “तुम्ही दोघं मागून धरा.”