स्निग्ध नसलेलं तेल

चांदगिरीचा राजा रायाजीराव याने गोंदाजी तेल्याला हुकूम सोडला. आठ दिवसांत असं तेल आण, ज्यात स्निग्ध अंश टिपूसभरही नसेल. नाहीतर तुझा घाणा फोडून मुदपाकखान्याच्या चुलीत घालीन!

झालं होतं असं, की राजाचं पोट फार सुटलं होतं. वैद्यांनी स्निग्ध खाणं बंद करायला सांगितलं. राजाला मात्र रोज परातभर कांदाभजी लागत. तिळाचं तेल झालं, जवसाचं झालं, करडईचं झालं. पोट काही हटेना. मग दोष भज्यांचा कसा असेल? तेल्याचाच!

गोंदाजीने अंथरूण धरलं. वाडवडिलांचा घाणा जाणार, या धास्तीने त्याला घास गिळवेना. त्याची लेक बनू मात्र करडई घाण्यात घालून बैलामागे शांतपणे फिरत राहिली.

आठव्या दिवशी ती एक बुधला आणि एक झाकलेली दुरडी घेऊन दरबारात गेली. नव्या तेलात भजी तळायला आचाऱ्याने तिथेच चुलीवर कढई तापत ठेवली होती, पीठ कालवून तयार होतं.

"करडईतलं स्निग्ध तेवढं काढून आणलंय, महाराज. ते या बुधल्यात आहे."

राजाने बोट बुडवलं. "अगं, हे तर तेलच आहे!"

"तेल म्हणतात ते त्यालाच. तीळ घ्या, जवस घ्या, प्रत्येकाचा गुण वेगळा. पण पळीभर तेलात स्निग्ध पळीभरच. ते काढून टाकलं, तर भजी नुसत्या बुधल्यात तळावी लागतील."

दरबारी खाली माना घालून हसू दाबू लागले. राजाने डोळे वटारले.

"आणि दुरडीत काय आहे?"

बनूने फडकं बाजूला केलं. आत कोरडी पेंड होती. "स्निग्ध काढल्यावर उरतं ते हे. महाराजांसाठी मुद्दाम आणलंय."

"पेंड? ही तर तुझा बैल खातो!"

"खातो ना. आणि त्याचं पोट बघा, कसं आत आहे."

"तो दिवसभर घाण्याला फिरतो म्हणून!"

"हेच वैद्यबुवा सांगायला भितात, महाराज. पेंड नको असेल तर भजी चार खा आणि घाण्याला या. आमचा बैल म्हातारा झालाय, त्याची जागा रिकामीच आहे."

दरबाऱ्यांनी घाबरून राजाकडे पाहिलं. मग राजा असा हसला, की आचाऱ्याच्या हातून पीठ कढईत सांडलं. त्याने घाण्याला कायमचं अभय दिलं आणि पागेजवळच्या गोठ्यातून एक तरणा खिलारी बैल मागवून त्याचा कासरा बनूच्या हाती ठेवला.

"हा घेऊन जा, पोरी. म्हणजे माझ्यावर पाळी यायची नाही."