पैलवानाचा गुडघा आणि वैद्यबुवांची सोयरीक

एका गावात एक पैलवान होता. अंगानं धिप्पाड आणि मनानं भारी संशयी. गवळ्यानं दुधात पाणी घातलंय का, हे रोज बोट बुडवून बघणारा. गवळी बिचारा कंटाळला होता, पण पैलवानाला बोलणार कोण?

एकदा सराव करताना त्याचा उजवा गुडघा पिरगळला. ही सूज आली. गावच्या वैद्यबुवांनी लेप लावला, पट्टी बांधली आणि दोन महिने आखाड्यात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. पैलवानानं कसाबसा एक महिना काढला. मग मात्र त्याला धीर धरवेना. जत्रा आठ दिवसांवर आली होती, आणि यंदा मानाची कुस्ती जिंकणाऱ्याला राजाच्या तालमीत कायमची जागा मिळणार होती. पैलवानानं लहानपणापासून देवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

आता त्या गावची एक रीत होती. दुखापत झालेल्या पैलवानाला मैदानात उतरायचं, तर आधी वैद्यानं त्याच्या कपाळाला आखाड्यातल्या मातीचा टिळा लावायला हवा. आणि टिळ्याआधी परीक्षा. दुखऱ्या पायावर उभं राहायचं, डोक्यावर काठोकाठ भरलेला तांब्या घ्यायचा, आणि शंभर आकडे होईतो पाणी सांडू द्यायचं नाही.

पैलवान उभा राहिला. चाळीसपर्यंत सगळं ठीक होतं. साठाला पाय लटपटला आणि पाणी नाकावरून ओघळलं.

"आणखी एक महिना थांब," वैद्यबुवा म्हणाले. "आत्ता उतरलास तर गुडघा कायमचा जाईल."

"पण आता दुखत नाही, बुवा."

"दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं रे."

पैलवान घरी आला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. वैद्यबुवांची लेक दिली होती पलीकडच्या गावात, आणि मानाच्या कुस्तीत त्याच्यापुढे उभा राहणारा मल्लही त्याच गावचा. अस्सं आहे होय! दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम बुवांच्या दारावरून गेला. ओसरीवर गुळाची ढेप दिसली. कुठून आली? तर पलीकडच्या गावाहून. तिसऱ्या दिवशी बुवा त्याच्याकडे बघून हसले. हसले कशाला? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तशी त्याची गत झाली. पट्टीसुद्धा बुवांनी मुद्दाम सैल बांधली, असं त्याला वाटायला लागलं.

तेवढ्यात जत्रेचे कारभारी घरी आले.

"तू नसलास तर माणसं यायची कशाला?" ते म्हणाले. "मी परगावाहून दुसरा वैद्य आणलाय. मोठा नावाजलेला आहे."

या नावाजलेल्या वैद्यानं पट्टी सोडून बघितली नाही, तांब्याही मागितला नाही. नाडी धरली न धरली आणि "घोडा आहे घोडा" म्हणत टिळा लावून टाकला. वर गुडघा बधिर करणारं तेल दिलं. एरवी दुधात बोट घालून बघणारा आमचा पैलवान! पण याला कुणी आणलं, कशासाठी आणलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मनासारखं बोलणाऱ्यावर कुणी संशय घेतं का?

जत्रेच्या दिवशी त्यानं शड्डू ठोकला. तेल चोपडलेला गुडघा गप्प होता. पहिली झटापट झकास झाली. मग समोरच्यानं पट काढायला पायाला हात घातला, पैलवान उजव्या पायावर गर्रकन वळला, आणि गुडघ्यातून कडकन आवाज आला. तो मातीत कोसळला. समोरच्या मल्लानं लगेच पकड सोडली आणि पंचांना हात केला. कारभारी मात्र पुढची जोडी पुकारायला लागले. टिळा लावणारा वैद्य सकाळीच गाडी जुंपून गेला होता.

जखमीला उचलून न्यायची झोळी घेऊन धावत आले ते वैद्यबुवा. त्यांना बघून पैलवानाच्या डोळ्यांना पाणी आलं.

"बुवा, तुमची लेक तिकडं दिलीय, म्हणून मला अडवताय असं वाटलं मला."

"दिलीय की. तुझ्यापुढं होता तो माझ्या लेकीचा सख्खा दीर," वैद्यबुवा म्हणाले. "गेल्या वर्षी त्याचा खांदा निखळला होता. त्यालाही जत्रेआधी मीच अडवलं. दोन महिने बोलला नाही माझ्याशी, पण घरी बसला."

पैलवानानं झोळीतून मान वळवली. झोळीचं एक टोक त्या मल्लानंच धरलं होतं आणि त्याच खांद्यावर घेतलं होतं.

"मी परत कधी लढेन, बुवा?"

वैद्यबुवा आजवर प्रत्येकाला दिवस मोजून सांगत आले होते. या वेळी त्यांनी फक्त त्याच्या कपाळावरचा टिळा पुसला. झोळीच्या बाजूनं खाली मान घालून चालत राहिले.

तात्पर्य काय, तर 'थांब' म्हणणाऱ्याची सोयरीक शोधणाऱ्यानं 'जा' म्हणणाऱ्याचा मतलबही एकदा शोधावा.