मोकळधोंड

“…मग तोंड नव्हतं का तिला? पातेलं मोकळं धाडायचं होतं की! आम्ही काय मनातलं ओळखणारे देव लागून गेलो?” भागीरथी पाटलीण कमरेवर हात ठेवून ओरडत होती. तिच्या आवाजानं ओढ्यातले बगळेसुद्धा उडून गेले, म्हणे.

“देव नव्हता, पण दिवसाआड पुरे म्हणणाऱ्या तुम्हीच होता न्हवं, पाटलीणबाई?” सुताराची गजरा म्हणाली.

“अन् माना डोलावल्या कुणी? तुझी मान काय उसनी आणलेली होती?”

चौदा-पंधरा बायका होत्या. प्रत्येकीचं बोट दुसरीकडे. आणि त्यांच्या मधोमध तेल्याची पुतळा उभी होती, कडेवर गरम भाकरींचं पातेलं घेऊन. तिच्या समोर, धोंडीच्या पलीकडे, आठ वर्षांची एक पोर उभी होती. त्या पोरीकडे कुणी बघत नव्हतं, कारण सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या.

ती धोंड हीच. खडगणी गाव संपलं, ओढा ओलांडून रस्ता माळाला लागला की उजव्या हाताला ही लागते. कमरेइतकी उंच, काळी, वरून पाटासारखी सपाट. हिला शेंदूर नाही, नारळ नाही, नवस नाही. पाहुणा माणूस सवयीनं फूल ठेवतो, तर गावातली बाई ते उचलून बाजूला करते. हिच्यावर देवाला म्हणून काही ठेवायचं नसतं. वर नीट पाहिलं तर सहा गोल वर्तुळं दिसतात. त्यांची गोष्ट पुढे येईल. आधी गाठीच्या तापाचं सांगायला हवं.

फार जुनं वर्ष ते. घराघरांत उंदीर पटापट पडायचे, आणि त्यांच्या मागोमाग माणसं. काखेत नाहीतर जांघेत गाठ उठायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खेळ खलास. आसपासची गावं ओस पडली. खडगणीत पहिली गाठ उठली ती दौलू कासाराला. बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून तो लांबच्या बाजाराला गेला होता, तिथून ताप घेऊन आला. घरात त्याची बायको अनसा, म्हातारी आई, आणि वेणू व रंगू या दोन मुली. ही अनसा म्हणजे साधी बाई नव्हे. गावातल्या एकाही सवाशिणीचा हात असा नव्हता, जो तिनं आपल्या मुठीत चेपून बांगडीत घातला नाही. कुणाचा हात मऊ, कुणाचा राबून राठ झालेला, कुणाला नवऱ्यानं मारलं म्हणून सुजलेला, सगळं तिला ठाऊक. आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

गावानं त्या घराला हाकललं नाही, हे गावाच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. दुसरीकडे लोकांनी घरं पेटवून दिली होती. खडगणीच्या माणसांनी ओढ्यापलीकडच्या माळावर एका दिवसात छप्पर घातलं, आणि मरीआईच्या देवळासमोर सगळे जमले. तिथं दोन शपथा झाल्या, असं सांगतात. अनसानं पायरीला हात लावून सांगितलं, “ताप सरून एकवीस दिवस होईपर्यंत आमच्यातलं कुणी ओढा ओलांडणार नाही.” आणि गावानं सांगितलं, “तोवर तुमची चूल ती गावाची चूल.”

रोज चार घरांची पाळी लागली, घरटी एक भाकरी. भाकरी पोचवायचं काम पुतळानं मागून घेतलं. ती विधवा होती, मागे-पुढे कुणी नव्हतं. “मला लागला ताप तर रडायला कोण आहे?” असं म्हणून तिनं पातेलं उचललं. धोंडीवर पातेलं ठेवायचं, वीस पावलं मागं त्या बाभळीपाशी जायचं आणि हाक मारायची, “अनसे, घे गं!” अनसा यायची, कालचं पातेलं घासून-पुसून धोंडीवर ठेवायची, आजचं घेऊन जायची. मग पुतळा ते राखेनं पुन्हा घासून, जाळावर उपडं धरून घरी न्यायची. पातेली दोन. एक जायचं, एक यायचं.

पहिल्याच खेपेला परत आलेल्या पातेल्यात मूठभर ज्वारी होती.

आपल्या मुलुखातली रीत तुम्हाला ठाऊक असेल. शेजारणीचं भांडं मोकळं परत करत नाहीत. साखर घाला, दाणे घाला, काहीच नसलं तर मिठाचा खडा घाला. पुतळाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच विहिरीवर गेली आणि पातेलं सगळ्यांना दाखवलं. “बघा गं. नवरा तापानं फणफणतोय, तरी रीत न्हाई सोडली. ह्याला म्हणत्यात घराणं!” पुढे आयुष्यभर पुतळा म्हणायची म्हणे, की माझ्या हातून घडलं ते पाप हेच. गप्प बसले हे नव्हे. मी तिचं कौतुक केलं.

ती ज्वारी तापाच्या घरची, म्हणून कुणी खाल्ली नाही. गावच्या कुसवावर टाकली, चिमण्यांनी खाल्ली. रोज मूठभर यायची, रोज चिमण्या खायच्या.

इकडे छपरात काय होतं? निघताना अनसानं बियाण्याच्या ज्वारीचं एक गाठोडं, थोडे हुलगे, मीठ आणि दौलूची बांगड्यांची माळ एवढंच उचललं होतं. दाणा होता तर जातं नव्हतं. चार भाकरी पाच तोंडांना पुरल्या नाहीत की ती दाणे उकडून पोरींना द्यायची. आणि त्यातलीच मूठ बाजूला काढून ठेवायची, पातेल्यासाठी.

सातव्या दिवशी दौलू गेला. तीन दिवसांनी म्हातारी गेली. पुतळानं बाभळीपासून हंबरडा फोडला, तर अनसानं नुसता हात वर केला आणि छपरात परत गेली. दुसऱ्या दिवशी पातेल्यात हुलगे आले. म्हणजे ज्वारी संपली होती. पण विहिरीवर त्याचा अर्थ निराळा लागला.

त्या साली पाऊस गेला होता, हेही खरं. कणगीचा तळ प्रत्येकीला दिसत होता. भागीरथी पाटलीण दुष्ट होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिनं पहिल्या आठवड्यात आपल्या घरची भाकरी दुसऱ्यांच्या पाळीलाही दिली होती. पण एक दिवस ती घागर भरता भरता म्हणाली, “ज्या घरातनं रोज दाणा परत येतो, त्या घराला उपास कसला? आपली पोरं अर्ध्या भाकरीवर झोपत्यात. दिवसाआड दिलं तर काय पाप लागणार हाय?” बायकांनी माना डोलावल्या. पुतळानंही डोलावली. चार घरांची दोन झाली, रोजचं दिवसाआड झालं.

मग हुलगेही बंद झाले, माळावरच्या चिंचेची बुटुकं यायला लागली. “आज चिंच आली, उद्या गूळ येईल, परवा जेवायचं बोलावणं!” गजरा म्हणाली आणि विहिरीवर हशा पिकला. हसणाऱ्यांत पुतळा होती. त्यानंतर एकदा मिठाचा खडा आला, तेव्हा मात्र पुतळाला जरा चमकल्यासारखं झालं. दुसऱ्या खेपेला तिनं बाभळीपासून विचारलं, “अनसे, पुरतंय न्हवं गं?”

“पुरतंय, पुतळाक्का. गावाची किरपा हाय.”

विचारायची रीत असते तसं विचारलं, सांगायची रीत असते तसं सांगितलं. रीतीनं रीत भागली, पोट तेवढं राहिलं.

आणि मग एके दिवशी पातेल्यात बांगड्या आल्या. हिरव्यागार, सहा. खाली फडकं घातलेलं, एकीलाही चीर नाही. विहिरीवर आनंदच झाला. “कासारीण धंद्याला लागली गं! ताप सरला!” ताप सरला होता हे अगदी खरं. त्या छपरात म्हातारीनंतर कुणाला गाठ उठली नव्हती. एकविसातले थोडेच दिवस उरले होते. आता येईलच की घरी, असं जिनं तिनं म्हटलं, आणि जिची पाळी होती तिनं भाकरी केली नाही. दुसरीला वाटलं पहिलीनं दिली असेल. पुतळा पातेलं घेऊन दोन दारांत जाऊन आली आणि मोकळीच परतली. तिच्या स्वतःच्या चुलीवर त्या दिवशी एक भाकरी होती. ती तिनं खाल्ली. हे तिनंच पुढं सांगितलं, नाहीतर कुणाला कळणार होतं?

असे चार दिवस गेले. अनसाच्या हाती बांगड्यांशिवाय देण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्या चार दिवसांत एकाही बाईच्या डोक्यात आलं नाही. ज्यांचे हात तिनं धरले होते, त्या एवढ्या बायका!

पाचव्या दिवशी पुतळाला राहवेना. घरातलं होतं नव्हतं ते पीठ झाडून तिनं भाकऱ्या थापल्या आणि धोंडीपाशी येऊन हाक मारली. एक हाक, दुसरी, तिसरी. तेव्हा छपरातून एकटी रंगू आली. चालताना धडपडत होती. घासलेलं पातेलं तिनं पोटाशी धरलं होतं.

“आई कुठंय गं?”

“आई न् वेणू झोपल्यात. परवापासनं उठत न्हाईत.”

पुतळाची किंकाळी ऐकून रानातल्या बायका धावत आल्या. छपराकडे दोघी-तिघी गेल्या आणि तोंडाला पदर लावून परत आल्या. आणि मग ते भांडण सुरू झालं.

आता काहीजण सांगतात, ताप उलटला म्हणून त्या मायलेकी गेल्या. मरीआईचा कोप, असंही सांगतात. कोप कसला! ताप उलटला असता तर त्याच वाकळेत झोपणाऱ्या तिसऱ्या पोरीला शिवला नसता? देवीच्या अंगावर ढकललं की माणसं मोकळी होतात, एवढंच. पायरीवर दोन शपथा झाल्या होत्या. छप्पर आणि गाव यांच्यामध्ये घोट्याएवढं पाणी होतं, पण अनसानं ते ओलांडलं नाही. दोन्हींतली एक शपथ पाळली गेली, आणि ती गावाची नव्हे.

त्या सहा बांगड्या कुणाच्या हातात चढल्या नाहीत. पुतळानं त्या आणून या धोंडीवर ठेवल्या. कुणी उचलल्या नाहीत, कुणी फोडल्या नाहीत. एका उन्हाळ्यात त्या दगडात उतरल्या, असं म्हणतात. काच उन्हानं विरघळते का, असं शहाणी माणसं विचारतात. नसेल विरघळत. वर्तुळं सहा आहेत, मोजून घ्या.

एकवीस दिवस भरल्यावर रंगू पुतळाच्या घरी आली, तिथंच वाढली, तिथूनच नांदायला गेली. आणि खडगणीत आजही शेजारणीचं भांडं मोकळं परत करतात. धुऊन, पुसून, तोंड वर करून, रिकामं. नवी सून माहेरच्या वळणानं त्यात साखर घालायला गेली की सासू तिचा हात धरते. आसपासच्या गावांत आम्हाला नावं ठेवतात, खडगणीची माणसं कोरडी म्हणतात. म्हणू देत. ज्या घरी आजारपण आहे, त्या घरी डबा देणारी बाई आजही पिठाच्या डब्याचं झाकण स्वतः उघडून बघते, आणि त्या घरच्या बाईनं राग मानायचा नसतो. अलीकडे ती मोठी साथ आली, दारांना कड्या लागल्या, आत जायची सोय राहिली नाही. तेव्हा प्रत्येक बंद दाराच्या पायरीवर सकाळी मोकळी भांडी ओळीनं दिसायची. एका दारात एक दिवस भांडं दिसलं नाही, तर अख्खी आळी खिडकीखाली जाऊन हाका मारत उभी राहिली.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र ऊन डोक्यावर येईपर्यंत भांडण चालूच होतं. पाटलीण गजरेवर, गजरा पाळीवालीवर, पाळीवाली पुन्हा पाटलिणीवर. शेवटी एकीनं पुतळाकडे बोट केलं, “न्यायचं काम हिचं होतं. हिला इचारा!” पुतळा मात्र धोंडीकडे बघत होती. कारण तेवढ्यात रंगूनं हातातलं पातेलं धोंडीवर ठेवलं होतं, आणि पुतळाला त्यात काय आहे ते दिसलं होतं.

ओढ्यातले खडे होते. मूठभर, स्वच्छ धुतलेले.

“ह्ये काय गं?” पाटलिणीनं विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

“दुसरं काय न्हवतं,” रंगू म्हणाली. “आई म्हणती, मोकळं दिलं तर लोक नावं ठेवत्यात.”

तरीही मागून कुणीतरी पुटपुटलंच, की एवढ्याशा पोरीला असलं शिकवावं का. पाटलीण तिच्यावर उसळली, गजरा पाटलिणीवर, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होणार, इतक्यात पुतळा पुढे झाली. बाभळीपाशी मागं सरायचं असतं, ते ती सरली नाही. तिनं ते खडे आपल्या ओच्यात ओतून घेतले. पातेलं उलटं करून तळावर हात मारला. कडेवरच्या भाकरी पोरीपुढे ठेवल्या, आणि तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“रंगे, खा पोटभर, अन् उद्या पातेलं मोकळंच ठेव गं धोंडीवर, मोकळं दिसलं की मला कळंल, भाकरी घेऊन परत यायचंय.”