तळ्याची ओटी

“पोरगी कामाला वाघ आहे, आणि तोंडातून शब्द नाही. अशीच राहिली तर सोन्याहून पिवळं.”

सासू हे आपल्या जावेला सांगत होती. सांगता सांगता भाकरी उलटत होती, म्हणून दाराकडे तिची पाठ होती. दारात नवी सून उभी होती, डोक्यावर भरली घागर घेऊन. तिनं ऐकलं, चार पावलं मागे गेली, आणि जोडवी मुद्दाम वाजवत पुन्हा आत आली. त्या दिवसापासून ती आणखीच गप्प झाली. पिवळं सोनं व्हायचं तर एवढं करावंच लागतं.

ऐका मंडळी, ही गोष्ट आजची नाही. डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळची आहे.

चार डोंगरांच्या ओंजळीत एक तळं होतं आणि तळ्याच्या काठी एक गाव. डोंगरावरचं पाणी तळ्यात यायचं, पण तळ्यातून बाहेर जायला वाट नव्हती. जे आत गेलं ते आतच राहायचं. गावाला प्यायला पाणी तळ्याचं, खायला मासे तळ्याचे आणि भांडायला काठही तळ्याचाच.

गावात एक रीत होती. वर्षभरात ज्या सुना आल्या, त्यांनी वैशाखी अमावास्येला तळ्याची ओटी भरायची. रीत मूळची साधी. एक मूठ भात, वर गुळाचा खडा. तळ्याला म्हणायचं, “मी नवी आहे, मला सांभाळ.” बस्स.

पण मुठीला कोण विचारतो? एका घरानं ताट आणलं. ते पाहून शेजारणीनं टोपली आणली. टोपलीवरून गोष्ट हंड्यावर गेली. मग वर्षातून एकदा भागेना, म्हणून जुन्या सुनाही दर पौर्णिमेला ओटी भरू लागल्या. भात, गूळ, दूध, पुरणाचे गोळे. कुणाचा हंडा केवढा, यावरून घराची पत ठरू लागली.

तळं हळूहळू हिरवं झालं. आधी कडेनं, मग मधोमध. हिरवी दाट साय धरली.

“हिरवा रंग सौभाग्याचा,” बायका म्हणाल्या. “तळ्यानं शालू नेसलाय गं बाई!”

मग मासे वर येऊ लागले. रोज पहाटे, शेकड्यांनी. तोंडं पाण्याबाहेर काढायचे, आ वासायचे, मिटायचे, पुन्हा आ वासायचे.

“बघा, मागतायत!” गावचा पाटील म्हणाला. “अजून पोट भरलं नाही त्यांचं.”

गावानं हात जोडले आणि हंडे वाढवले.

नव्या सुनेनं हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या हातातली कळशी घसरली. तिचं माहेर वाहत्या नदीकाठचं. तिचा बाप नदीतली माशांची पिल्लं मडक्यात घालून दूरदूरच्या गावतळ्यांत सोडायला न्यायचा. कावडीला दोन मडकी, मागून ही. हिचं काम एकच. वाटेत थांबलं की मडक्यातलं पाणी तळव्यानं थापटत राहायचं. “पाणी हललं की त्यात वारा मिसळतो,” बाप सांगायचा. “पिल्लं तो वारा पितात. पाणी निजलं की ती गेली.”

सात वर्षांची असताना तिनं एकदा आपल्या वाट्याचा मूठभर भात मडक्यात टाकला होता. पिल्लांची दया आली म्हणून. सकाळी पिल्लं वर येऊन आ वासत होती. तिला वाटलं, अजून मागतायत. तिनं आणखी टाकला. दुपारपर्यंत सगळं मडकं पांढऱ्या पोटांनी भरलं.

बाप रागावला नव्हता. तेच तिच्या जास्त लक्षात राहिलं होतं.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. तो जाळं विणत होता.

“मासे मागत नाहीत. त्यांना श्वास पुरत नाही.”

“पाण्यातल्या माशाला श्वास पुरत नाही?” तो हसला. “उद्या म्हणशील, चिमणीला आभाळ पुरत नाही.” मग जरा हळू म्हणाला, “हे बघ, तू बोलत नाहीस म्हणून आईला आवडतेस. कशाला बिघडवतेस?”

तिनं जाळ्याचा सुटलेला धागा त्याच्या हातात दिला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच काठावर बसली होती. हिरवी साय फाटली आणि एक काळं, सापासारखं डोकं वर आलं. म्हातारी मरळ मासोळी होती. तिनं घोटभर हवा ओढली आणि म्हणाली,

“काय गं, रिकाम्या हातानं आलीस? हंडा कुठाय?”

“तू बोलतेस?”

“मला परवडतं. मला वरची हवा ओढून घेता येते. बाकीच्यांना जे मिळेल ते पाण्यातूनच मिळतं. ते आता बोलण्यात श्वास दवडत नाहीत.”

“खाली काय झालंय?”

“अंधार झालाय. हा तुमचा शालू ऊन खाली पोचू देत नाही. तळाशी गवत होतं, ते दिवसभर पाण्यात श्वास सोडायचं. ते कुजलं. तुमचा भातही कुजतोय. कुजायलासुद्धा श्वास लागतो बाई. पाण्यात तो आधीच थोडका, पाणी तापलं की आणखी थोडका. दिवसा ही सायही थोडा श्वास देते म्हणा, पण रात्री स्वतःच ओढते. म्हणून पहाटे सगळे वर.”

“मग गावाला सांग ना.”

“मला पाहिलं की गावाला रस्सा आठवतो. माझं कोण ऐकणार? तू सांग.”

“मी नवी आहे.”

“नवी आहेस म्हणून तर तुला वास आला. त्यांना सवय झालीय.”

मरळ बुडाली. साय पुन्हा जुळली, जणू तिथे कुणी बोललंच नव्हतं.

वैशाखी अमावास्या आली. त्या वर्षी गावात नऊ सुना आल्या होत्या. आठ घरांचे आठ हंडे. नवव्या घरचे दोन.

“माझ्या सुनेची ओटी अशी हवी की गावानं नाव काढलं पाहिजे,” सासू म्हणाली. पहाटेपासून ती चुलीपुढे होती. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते आणि चेहरा आनंदानं फुलला होता. खोटं कशाला सांगू, तिनं तो भात मायेनंच शिजवला होता.

काठावर गाव जमलं. सुनेच्या हातात हंड्याचा काठ आला. समोर, वीतभर अंतरावर, एक मोठा रोहू तोंड वर करून आ वासत होता.

सुनेनं तोंड उघडलं. मिटलं. रोहूनंही तेच केलं.

“ओत गं,” सासू कानात म्हणाली. “लोक बघतायत.”

तिनं ओतलं. दुसराही ओतला.

“वाहवा!” पाटील म्हणाला.

त्यानंतर तीन दिवस ढग दाटले. पाऊस नाही, वारा नाही, पान हलेना. ऊन नसल्यानं दिवसाही पाण्याला श्वास मिळेना. जो होता तो भात कुजवण्यात संपला.

चौथ्या सकाळी तळ्यानं शालू बदलला होता. या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं. पोटं वर करून सगळे मासे तरंगत होते, हाताएवढे आणि बोटाएवढे. वासानं गाव नाकाला पदर लावून उभं होतं. बगळेसुद्धा लांब झाडावर बसून राहिले. त्या पांढऱ्यातून मरळ एकटीच वाट काढत फिरत होती. तिनं डोकं वर काढलं, हवा घेतली आणि पुन्हा बुडाली.

पाटलानं घसा खाकरला. “तळं रुसलं. आपणच कुठे कमी पडलो. पुढच्या पौर्णिमेला शंभर हंडे ओतू.”

माना हलल्या. सासूचीही हलली. ती मनात तांदूळ मोजत होती.

तेव्हा नवी सून गुडघाभर पाण्यात उतरली. तिनं तो मोठा रोहू दोन्ही हातांनी उचलून आणला आणि सासूच्या पायाशी ठेवला. त्याचं पोट फुगलेलं होतं, तोंड अजूनही उघडं होतं.

“हा भुकेनं मेला असं वाटतं तुम्हांला?”

तिचा आवाज कसा आहे हे गावाला पहिल्यांदाच कळत होतं.

सासूनं माशाकडे पाहिलं, मग सुनेकडे. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“आले तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस, मेले? एवढं सगळं मरेपर्यंत?” सासूचा आवाज फाटला.

“तुम्ही भाकरी उलटत होतात, आत्याबाई. मी दारात होते.”

सासूच्या काही लक्षात येईना. मग आलं. तिनं पदर नाकावरून काढून डोळ्यांना लावला.

पुढचंही सांगायला हवं. त्या तळ्यात पुन्हा मासा दिसायला कितीतरी पावसाळे लागले. अर्ध्या गावानं बिऱ्हाडं पाठीवर घेतली आणि डोंगर ओलांडले. जे राहिले ते विहीर खणून प्यायले. ओटी पुन्हा मुठीवर आली, आणि तीही काठावरच्या दगडावर ठेवू लागले, पाण्यात नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी कुणालाच काही सुचत नव्हतं. पाटील शंभर हंड्यांचं पुढे काही बोलला नाही. नवरा लांब उभा होता, हातात कोरडं जाळं घेऊन.

सुनेनं ओले हात लुगड्याला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“तळं उपाशी नव्हतं, गुदमरत होतं. तुम्ही न बघता देत राहिलात, मी बघूनही गप्प राहिले. द्यायच्या आधी घेणाऱ्याला काय हवंय ते बघावं, आणि ज्याला ते दिसलं त्यानं वेळेवर सांगावं.”