कुलपातला पाना

एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एकदा एक तरुण डॉक्टर अधीक्षक म्हणून रुजू झाला. माणूस सचोटीचा, पण भारी धास्तीखोर. रोग्यांहून त्याला कपाटांचीच काळजी अधिक! ऑक्सिजनच्या सिलिंडरची तोटी उघडण्याचे पाने वॉर्डांतून सारखे नाहीसे होत. त्याने ते सगळे गोळा करून भांडारात कुलूपबंद केले. मागणीपत्रावर सही झाल्याशिवाय एकही बाहेर निघेना. वर्षभरात एकही पाना हरवला नाही. ही व्यवस्था दाखवायला त्याने आपल्या वृद्ध गुरूंना मुद्दाम बोलावले.

दोघे वॉर्डात शिरले, तेवढ्यात एका कासारीण आजीला जोराची धाप लागली. ओठ निळे पडू लागले. उशाशी सिलिंडर पूर्ण भरलेला, पण पाना भांडारात, आणि भांडारपाल जेवायला घरी गेलेला. सिस्टर मागणीपत्र घेऊन धावली.

"सायेब, टाकी भरलेली हाय न्हवं? मग लावा की!" आजीची सून हात जोडून ओरडत होती.

अधीक्षकाच्या तोंडचे पाणी पळाले. हे काय करून बसलो आपण? तो नुसता दाराकडे पाहत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर पाना आला, तोटी फिरली, आजीचा श्वास हळूहळू संथ झाला. थोडक्यात निभावले.

आता सर खरडपट्टी काढणार, असे त्याला वाटले. गुरूंनी त्याला स्टुलावर बसवले, शांतपणे त्याचे नाक चिमटीत धरले आणि तोंडावर तळहात दाबला.

"सिस्टर, मघासारखेच मागणीपत्र घेऊन जा. दुसरा पाना आला की याला सोडतो."

सिस्टर चक्रावली, पण निघाली. शिष्याला आधी थट्टा वाटली. मग कान भणभणू लागले, छाती फुटायला आली, आणि त्याने धडपडत गुरूंचा हात झिडकारला. सिस्टर अजून जिन्यापर्यंतही पोहोचली नव्हती.

"तू वस्तू जपल्यास, यात दोष नाही," गुरू म्हणाले. "पण कुलपातला पाना आणि नसलेला पाना, रोग्याला दोन्ही सारखेच. साधन गरजेच्या क्षणी हाताशी असणे, हेच त्याचे रक्षण."

"पण सर, पुन्हा हरवले तर?"

गुरूंनी खाटेकडे पाहिले. आजी डोळे मिटून पडली होती. सुनेने तिचा हात अजून सोडला नव्हता.

"पाना नवा मागवता येतो," ते म्हणाले.

अधीक्षक उठला आणि स्वतःच भांडाराकडे निघाला.