हाकेचा कातळ

उंबरवणे गाव घाटमाथ्यावर, अगदी कड्याच्या काठाशी वसले आहे. पश्चिमेला मोकळा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आणि सड्याच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा एक काळा कातळ. वर चढून पाहिले तर दोन पावले मावतील अशा दोन खोलगट जागा दिसतात. त्यांत पावसाचे पाणी साठते, पाखरे येऊन पितात. ही कुठल्या देवाची पावले, असे पाहुणे विचारतात. देवाची नव्हेत, येसूची, असे गावातली म्हातारी माणसे सांगतात. मग पाहुण्याला बसवून घेतात आणि सगळी हकिगत सांगतात. आपल्या गावाची चूक त्यातून गाळत नाहीत, एवढे मात्र मानले पाहिजे.

त्या काळी गावात अठरा घरे होती म्हणे. गावाला एका गोष्टीची मोठी घमेंड होती. इथे पोर कुणाचे, असे विचारायचे नाही. भूक लागेल त्या घरी ते जेवेल, डोळा लागेल त्या घरी निजेल. आणि ते खरेही होते. येसूचा नवरा मीठ आणायला घाटाखाली गेला आणि तापाने तिकडेच वारला, तेव्हा तिची ठमी जेमतेम रांगत होती. ठमीला गावाने वाढवले. एकीने अंगडे शिवले, दुसरीने दूध दिले. येसू दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबायची, आणि ठमी पाच वर्षांची होईतो तिला पोरीचा घोर असा कधी लागलाच नाही.

भादव्यातली एक संध्याकाळ होती. नाचणीतले तण काढून येसू घरी आली, तर ठमी घरात नव्हती. असेल पाटलांकडे, म्हणून तिने भाकरी खाल्ली. पाटलीणबाई समजल्या, पोर सुताराकडे असेल. सुताराची बायको समजली, आज आईजवळ असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर अठरा घरे होती! सगळ्यांनी दारे लावली. येसूही निजली.

सकाळी कळले, की एक करडूही नाहीसे झाले आहे. त्याच्यामागे पोर सड्यावर गेली असावी. गावाने तीन दिवस सडा पिंजून काढला, कड्याखाली दोर सोडले. करडू सापडले, ठमी काही सापडली नाही.

त्या दिवसापासून येसू तिन्हीसांजेला कातळावर उभी राहू लागली. “ठमे, ये गंऽऽ” अशी हाक मारायची आणि कान देऊन थांबायची. पुन्हा हाक मारायची. पहिले काही दिवस गावातल्या बायका तिच्याजवळ उभ्या राहिल्या. पुढे कापणी आली, मग मळणी आली, मग कुणाच्या घरी पाळणा हलला. एकेक जण कमी होत गेली आणि कातळावर येसू एकटी उरली. येसूने गावाला बोल लावला नाही. आपण त्या संध्याकाळी भाकरी खाल्ली, हे तिच्या काळजातून जात नव्हते. घरी आली की ती दोन पाने मांडायची, आणि दुसरे पान सकाळी गाईला घालायची.

गावाला त्या हाकेची भीती वाटू लागली. तिन्हीसांजेच्या या हाकेला ओ देऊ नये, दिली तर ती पोराला ओढून नेते, असे आया लेकरांना शिकवू लागल्या. येसूचा आवाज आला की दारे बंद व्हायची. शेवटी केरू पाटील कातळाशी गेले.

“येसू, पुरं कर आता. पोरं दचकत्यात.”

येसूने खाली पाहिले. “पाटील, ठमी अठरा घरांची व्हती न्हवं? मग हाक माझ्या एकलीचीच का?”

 पाटील खाली मान घालून परत गेले.

अशी सात वर्षे गेली असे सांगतात. सातव्या वर्षी, पुन्हा भादव्यातच, पाच पोरे गुरे घेऊन सड्यावर गेली होती. दिवस कलायच्या आत धुके उतरले, इतके दाट की हातातली काठी दिसेना. सारा गाव धावला. जो तो आपल्या पोराच्या नावाने ओरडत सुटला. कडा त्या आरोळ्या चहूकडून परत फेकू लागला, आणि कुठला आवाज गावाचा, कुठला कड्याचा, हे पोरांना उमगेना. त्या कालव्यात एकच हाक रोजच्या जागेवरून येत होती. तिला ओ द्यायची नाही हे पोरांना ठाऊक होते. ती कुठून येते, हेही ठाऊक होते.

पाटलांची नात गंगू सगळ्यांत धाकटी. रडत रडत तीच प्रथम ओरडली, “ओऽऽ!”

सात वर्षांनी येसूला ओ मिळाली. ती कातळावरून हलली नाही. हाक मारीत राहिली, आणि धुक्यातून एकेक पोर कातळाला येऊन चिकटले. तिने खाली उतरून पाचही तोंडे चाचपून पाहिली. ठमी त्यांत नव्हती. तेव्हा येसू खाली बसली आणि गंगूला पोटाशी धरून ढसढसा रडली. पाच घरची पोरे त्या दिवशी ठमीच्या नावाने घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला अठरा घरची माणसे कातळाशी जमली. पाटील म्हणाले, “आजपास्नं हाक गावाची. ज्यानं त्यानं शेजारच्या पोराला हाक मारायची. त्याची ओ आल्याबिगर कुणी घास घ्यायचा न्हाई.” तशा हाका झाल्या. शेवटी सगळ्यांनी मिळून ठमीला हाक मारली, आणि येसूला बरे वाटावे म्हणून पोरे लगोलग एका सुरात “ओ” म्हणाली.

येसूने हात वर केला. “थांबा रं लेकरांनो. आधी तिला येळ द्या. मग तुमी ओ द्या.”

त्यानंतर येसूचे एकटेपण सरले असे कुणी सांगितले, तर ते खरे मानू नये. दुसरे पान ती मरेपर्यंत मांडत होती. फक्त त्या पानावर रोज कुणाचे ना कुणाचे पोर जेवून जायचे.

आजही उंबरवण्यात दिवस मावळला की दारादारांतून शेजारच्या पोरांची नावे ऐकू येतात. ज्यांची पोरे शहरात शिकायला आहेत, त्यांना शेजारी मोबाईलवर हाक मारतात आणि ओ घेतात. सर्वांत शेवटी सारा गाव सड्याकडे तोंड करून ठमीला हाक मारतो. मग घटकाभर कुणी बोलत नाही. तान्ह्या पोरालाही बाया छातीशी धरून गप्प करतात. सड्यावरून नुसता वारा येतो. तो ऐकून झाला, की मग गावातली पोरे ओ देतात.