हाक न मारणारी मुलगी

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. रानाच्या कडेला तटबंदीचं एक नगर होतं. तटाच्या आत घरं थोडी, माणसं फार. आणि तटाबाहेर लांडगे. आतली एक अख्खी आळी एका शेटजींच्या मालकीची होती.

शेटजी घर भाड्याने देत, पण किती दिवसांसाठी ते कधी सांगत नसत. मनात आलं की म्हणत, "संध्याकाळपर्यंत घर रिकामं करा." कुणाचं पोर मोठ्याने रडलं, एवढं कारणही पुरे. मग ते कुटुंब बोचकं घेऊन वेशीबाहेर जाई. त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

याच आळीत टोपल्या विणणारं एक जोडपं राहत असे. त्यांना एक लेक होती. ती बोलू लागली तसं आईने तिला पहिलं काय शिकवलं असेल? ओठांवर बोट ठेवायला. "हळू बोल गं बाई, शेटजी ऐकतील." बिचारी हसायची तीही तोंडावर हात धरून. आळीतली सगळीच पोरं तशी. शेटजी मात्र खूश, काय शांत भाडेकरू मिळालेत म्हणून!

एके दुपारी शेटजींचा लाडका नातू खेळता खेळता आळीतल्या आडात पडला. ती मुलगी शेजारीच उभी होती. ती ओरडली नाही. पाय न वाजवता घरी गेली आणि आईच्या कानात कुजबुजली.

आई धावत सुटली, मागोमाग मुलगीही. पोर आतल्या दगडाला धरून लटकत होतं. तिने दोर सोडला, पोराने तो धरला, पण तिला एकटीला ओढवेना. ओरडावं, तर घर जाणार. तिच्या डोळ्यांपुढे लांडगे आले. खोटं कशाला सांगू, ती क्षणभर थांबलीच. मग जिवाच्या आकांताने ओरडली, "धावा हो, धावा!"

आळीतली दारं किलकिली झाली आणि भराभर बंद झाली.

शेवटी शेटजीच तावातावाने आले. "कोण ओरडतंय? आजच्या आज घर रिकामं..." एवढ्यात त्यांचं लक्ष आडात गेलं.

दोघांनी मिळून पोराला वर ओढलं. ते वाचलं, पण भीतीने त्याची बोबडी वळली होती. लेकीनेच पाहिलं आणि येऊन सांगितलं, असं आई म्हणाली, तसे शेटजी मुलीला म्हणाले, "अगं, तू जवळच होतीस ना? मग हाक का नाही मारलीस?"

मुलगी हळूच म्हणाली, "हाक मारली असती तर तुम्ही आम्हाला बाहेर काढलं असतं ना, आजोबा."

शेटजी नातवाला कडेवर घेऊन घरी गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं, "भाडं देताय तोवर राहा. तुम्हाला कुणी काढणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. पण त्यानंतरही बरीच वर्षं ती आळी कुजबुजतच बोलत राहिली.

लहानथोरांनो, बोध एवढाच, की घर जाण्याच्या भीतीने ज्यांना आपण गप्प बसवतो, त्यांची हाक आपल्या संकटातही आपल्याला ऐकू येत नाही.